पोळ्याला सोडलेला दोर

तळोद्याच्या अलीकडे, नरोत्तमभाई नावाच्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या पडीक वावरात आमचं दोन माणसांचं छोटं विमान इंजिन बिघडून उतरलं. सुटा भाग येईपर्यंत पहारा माझ्या गळ्यात पडला. महायुद्धाचे दिवस. मी हवालदार, हाताखाली चार शिपाई. कॅप्टनसाहेबांचा हुकूम: "टाय डाऊन करा. परका माणूस जवळ नको."

विमानाचं नाक वाऱ्याकडे केलं, चाकांना ओंडके लावले. दोन्ही पंख आणि शेपूट दोरांनी खुंट्यांना आवळले. आतली स्टिक, म्हणजे विमान हाकायचा दांडा, पट्ट्यानं बांधली.

नरोत्तमभाई रोज यायचे, दोर चाचपायचे; वावर त्यांचंच, म्हणून हुकूम असूनही मी अडवत नसे. आमचा शिपाई वेडू, नवापूरकडचा, त्यांच्याशी अहिराणीत बोलत बसे. मी साताऱ्याचा. मला त्यातलं अर्धंच कळे, आणि उरलेल्या अर्ध्यात फितुरी ऐकू येई. चळवळीतले लोक जिकडेतिकडे सरकारी तारा तोडत होते हो, भरवसा ठेवायचा तरी कोणावर? वेडूवर मी डोळा ठेवला. त्याला ते कळलं. नुसता हसला.

पोळ्याच्या दुपारी बघतो तर काय, डाव्या पंखाचा दोर सुटलेला, म्हातारा खुंटीशी वाकलेला आणि पहाऱ्यावरचा वेडू शेजारी उभा!

"हॉल्ट! हात वर!"

नरोत्तमभाईंनी हात वर केले. हातात गेरूनं रंगवलेला कोरा दोर. "साहेब, आज पोया शे. मन्हा वावरमा जे बांधेल शे, त्याले नवा दोर लागस."

"आमच्या घरी पण पोळ्याला बैलांचे जुने दोर सोडून नवे बांधतात, साहेब," वेडू म्हणाला.

"गप! रायफल खाली ठेव."

त्यानं ठेवली. तेवढ्यात तापीकडून वावटळ आली. डावा पंख उचलला गेला. वेडू धावला आणि पंखाखालच्या कडीला लोंबकळला. "साहेब, दोर!" म्हाताऱ्याच्या हातातला तोच नवा दोर मी हिसकावला, कडीत ओवला, खुंटीला गाठ मारली. गाठ बसतेय तोच पंख खाली आदळला, वेडूच्या छातीवर. विमान जागचं हललं नाही. वेडूनं तळोद्याच्या दवाखान्यात प्राण सोडला.

चौकशीत कॅप्टनसाहेबांनी विचारलं, "शिपाई फितूर होता?"

"नो सर. त्याचे तळहात सोलले होते. सोडायचंच असतं तर धरलं कशाला असतं?"

त्याच्या आईला सांगायला मीच गेलो. विमान धरून ठेवताना वेडू गेला, एवढंच सांगितलं. माउलीनं एकच विचारलं, "विमान सुटनं का रे, भाऊ?"

तिच्याच बोलीत म्हणालो, "नही माय. तुन्हा पोऱ्यानी सुटू दिनं नही."