रव्याएवढे ठिपके

त्या हिवाळ्यात माझी नोकरी अकोल्यात होती आणि बाबा अमरावतीत एकटे राहत होते. सोमवारी पहाटे मी बसनं जायची, शनिवारी परत यायची. आई गेल्यावर घरात काहीतरी हलतं असावं म्हणून मीच त्यांच्यासाठी एक फायटर मासा आणला होता. निळा, शेपटीला लाल कड, बोटाएवढा. बाबांनी जन्मभर भातकुलीकडच्या गुरांच्या दवाखान्यात परिचर म्हणून काम केलं होतं. बैलाच्या कानाला हात लावून ताप सांगणारा माणूस. याची नाडी कुठं पाहायची, असं त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं. पण महिन्याभरात दोघांचं जमलं. बाबा काचेवरून बोट फिरवत आणि तो बोटामागे जाई.

रोज संध्याकाळी मी फोनवर माशाची चौकशी करायची. खरं तर ती बाबांचीच चौकशी असे. त्यांना तब्येतीचं थेट विचारलेलं खपत नसे. मजेत आहे, ते म्हणत, आणि दोघांचंही कळलं असं मी धरून चालायची.

थंडी वाढली त्या शनिवारी मी घरी आले आणि खांद्यावरची पिशवीही न उतरवता माशाच्या काचेच्या पेटीकडे गेले, कारण मासा दिसेना. तो तळाशी गोट्यांच्या आड पडला होता. पंख अंगाशी घट्ट मिटलेले. मध्येच झटक्यानं उठायचा, गोट्यांवर अंग घासायचा आणि पुन्हा पडून राहायचा. मी मोबाईलचा टॉर्च मारला. डोक्यापासून शेपटीपर्यंत पांढरे ठिपके होते, रवा चिकटावा तसे.

मी बाबांवर चिडले. काल तर मजेत आहे म्हणाला होतात, असं दोनदा म्हटलं. दोन दिवस झाले कमी खातो, थंडीनं असेल, असं ते सांगत राहिले. मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. काचेला नाक लागेल इतके ते वाकले. टॉर्चचा झोत माशावरून सरकला आणि रिकाम्या पाण्यात जाऊन थांबला. ते तिथंच पाहत राहिले.

"कोनते ठिपके?" त्यांनी विचारलं.

बाबांनी पेपर बंद केला होता, त्यात काही नसतं म्हणून. चहा बशीत सांडत होता. दोन्ही मी पाहिलं होतं आणि दोन्ही वेळा वय झालं असं म्हणून सोडून दिलं होतं.

"बाबा, तुमाले दिसत नाही का?"

"दिसते. धुकं असल्यावानी दिसते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "सा-सात महिने झाले असतील."

मला बसवेना. जे लगेच करता येण्यासारखं होतं ते करायला मी निघाले, माशांच्या दुकानात. दुकानदारानं मोबाईलवरचा फोटो पाहूनच रोग ओळखला. पाणी कसं बदलता, असं त्यानं विचारलं. बाबा नळाचं गार पाणी बादलीतून थेट ओतत होते. त्यानं हिटर दिला, थर्मामीटर दिलं, निळ्या औषधाची बाटली दिली. पाणी हळूहळू कोमट करा, एकदम नको, तो म्हणाला. रोज थोडं पाणी काढा आणि क्लोरीन घालवलेलं, तेवढंच कोमट पाणी घाला. आणि ठिपके गेले तरी औषध थांबवू नका, कारण ते जंतू असतात, गळून तळाशी पडतात, तिथं वाढतात आणि पुन्हा माशावर चढतात.

हे शेवटचं मी घरी येऊन सांगितलं तेव्हा बाबा खुर्चीत सरळ बसले. "गोचिडासारखंच आहे म्हना हे," ते म्हणाले. "जनावरावरून पडला म्हनजे संपला असं नाही. गोठा साफ करा लागते." मग त्यांनीच मला तळाच्या गोट्या नीट धुवायला लावल्या. धुतलेली एकेक गोटी ते बोटांनी चाचपून हातावेगळी करत होते.

सोमवारी मला जावंच लागलं. जाण्याआधी होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्यांत औषधाचे रोजचे थेंब वेगवेगळे काढून ठेवले. थर्मामीटरचा आकडा वाचायला खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळ-संध्याकाळ वर येतो म्हणाल्या. अकोल्यात मात्र माझं कामात लक्ष लागेना. फाईल उघडायची, मिटायची, व्हरांड्यात जाऊन फोन पाहायचा. बाबा फोटो पाठवत. एकात भिंत, एकात त्यांचा अंगठा, एकात फक्त हिटरचा लाल दिवा. मासा कशातच नाही.

बुधवारी दुपारी त्यांनी फोन उचलला नाही. काकूंचाही लागेना. चौथ्या वेळेनंतर मी अर्धी रजा टाकली आणि मिळेल ती बस धरली. मूर्तिजापूरला बस बराच वेळ उभी राहिली. मी उतरले, फोन लावला, चढले, पुन्हा उतरले. शेजारच्या बाईंनी शेवटी विचारलं की घरी कोणी सीरियस आहे का. काय सांगावं ते मला कळेना. मी हो म्हटलं.

घरी पोचले तर बाबा पेटीसमोर स्टुलावर बसून वाटीनं पाणी काढत होते. फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. काकू माहेरी गेल्या होत्या. आज मासा दोनदा वर आला, असं त्यांनी मला पाहताच सांगितलं. मी वाकून पाहिलं. अंगावरचे ठिपके निम्म्यावर आले होते.

मी तिथंच सांगून टाकलं की उद्या आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे जातोय. ते वाटीतलं पाणी बादलीत ओतत राहिले.

"ऑपरेशनात काई झालं त?" ते म्हणाले. "तू अकोल्याले. मी इथं आंधळा."

म्हणजे ऑपरेशन लागणार हे त्यांनी ओळखलं होतं आणि सात महिने ते हे मनात धरून होते. मी म्हटलं, लागेल तितकी रजा काढीन, बिनपगारी मिळाली तरी काढीन. त्यांनी काचेवरून बोट फिरवलं. मग म्हणाले की आधी हा बरा होऊ दे.

ठिपके सहाव्या दिवशी गेले. औषध बाबांनी दहा दिवस पुरं केलं. माशाची शेपटी मात्र कडेला विरली होती, ती सावकाश भरत गेली. त्या दहा दिवसांत बाबा आपला विचार बदलतील या धास्तीनं मी रोज दोनदा फोन करत होते. त्यांनी बदलला नाही. दुसऱ्या महिन्यात एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दवाखान्यात पट्टी सोडल्यावर त्यांनी आधी भिंत पाहिली, मग खिडकी, आणि मग माझ्याकडे इतका वेळ पाहत राहिले की मला अवघडल्यासारखं झालं.

"तुहे केस कवा पांढरे झाले?" त्यांनी विचारलं.

दोन वर्षं झाली, मी म्हटलं. म्हणजे ते धुकं सात महिन्यांहून जुनं होतं. नर्सनं दुसऱ्या डोळ्याच्या तारखेचा कागद दिला, तो त्यांनी माझ्या हातातून घेतला आणि अक्षर लावत लावत स्वतः वाचला.