महिरपी कंसाचं शुद्धिपत्र

समासकाका हे नाव त्यांना छापखान्यातल्या बायंडरनं दिलं, आणि ते असं चिकटलं की बायकोसुद्धा चिडली की त्याच नावानं हाक मारायची. कुणीही छापील कागद हातात दिला की काका आधी मजकूर वाचत नसत. कागद लांब धरून त्याचे समास बघत. एकदा दवाखान्यात रक्ततपासणीचा कागद बघून ते हळहळले, "उजवीकडं फारच कमी जागा आहे हो." डॉक्टरांनी घाईघाईनं त्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावला.

छापखाना बाजारामागच्या गल्लीत होता. खाली मशीन, आणि लाकडी जिना चढून गेलं की वर जुळणीची खोली. पंखा लावला की प्रुफं उडत, म्हणून पंखा कायम बंद. त्या खोलीत तीस वर्षं बसून, आधी शिशाचे खिळे लावून आणि पुढं संगणकावर, काकांनी कायद्याची पुस्तकं जुळवली, बियाण्यांचे कॅटलॉग जुळवले, एका दातांच्या डॉक्टरची सातशे पानी कादंबरीही निमूटपणे जुळवली.

मग एक दिवस मालक जाडजूड बाड घेऊन वर आले. कॉलेजातल्या संगणक विभागाच्या प्रमुखांनी प्रोग्रॅमिंगचं पाठ्यपुस्तक लिहिलं होतं. एका आड एक पानावर प्रोग्रॅम.

"काका, निम्मं पुस्तक इंग्रजी खुणांचं आहे. समजून घ्यायची कटकट नाही. उरकून टाका."

काकांनी पहिला प्रोग्रॅम पाहिला आणि सवयीनं कागद लांब धरला. डावी कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी. एक ओळ कडेला, दुसरी चार घरं आत, तिसरी आठ घरं आत, चौथी पुन्हा बाहेर. काका मुळात परोपकारी. त्यांनी सगळ्या ओळी ओढून एका रांगेत आणल्या आणि दोन्ही बाजूंनी कडा ताठ केल्या. अवतरणचिन्हं सुयांसारखी सरळसोट होती, ती छान वळणदार केली. शेजारीशेजारी दोन आडव्या रेघा दिसल्या की त्यांची एक लांब रेघ केली. उरलेलं काम प्रुफं तपासणाऱ्या बाईंनी केलं. प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर त्यांनी मोठं केलं आणि शेवटी पूर्णविराम दिला. "वाक्य संपलं की पूर्णविराम," त्या म्हणाल्या, "मग ते माणसाशी बोललेलं असो की यंत्राशी."

पहिली साठ पानं विभागप्रमुखांकडं गेली. ते खूश झाले. "याला म्हणतात छपाई!" असं म्हणून त्यांनी पानापानावर सही ठोकली.

रविवारी सकाळी काकांची मेहुणी घरी आली. ती एका बस कंपनीत वेळापत्रकाचा प्रोग्रॅम सांभाळायची. काकांनी मोठ्या अभिमानानं तिच्यापुढं प्रुफं ठेवली. तिनं एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, आणि लॅपटॉप उघडून पहिला प्रोग्रॅम छापल्याबरहुकूम उतरवला.

"भाऊजी, ओळी अकरा आणि चुका एकोणीस."

"ओळींपेक्षा चुका जास्त? हे तर तुझ्या ताईच्या बोलण्यासारखं झालं."

"ऐकू येतंय हं मला!" आतून आवाज आला.

मेहुणीनं बोट ठेवून दाखवलं. "ही डावीकडची मोकळी जागा आहे ना, ती उगीच नाहीये. आत सरकलेली ओळ वरच्या ओळीच्या हाताखाली काम करते. तुम्ही सगळ्यांना एका रांगेत उभं केलंत. आता साहेब कोण आणि शिपाई कोण, यंत्राला कळेना. आणि ही वळणदार अवतरणचिन्हं कुणी घातली?"

"मीच," काका पडेल आवाजात म्हणाले. "सुंदर दिसतात म्हणून."

"दिसतात की. पण चालत नाहीत."

कोरी जागा ही शोभेची वस्तू, असं काका आयुष्यभर समजत आले होते. तिला अर्थ असतो हे आज कळलं होतं. साठ पानं पाण्यात गेल्याचं वाईट वाटत होतं, आणि आतून कुठंतरी गुदगुल्याही होत होत्या.

सोमवारी त्यांनी सगळं पुन्हा सुरू केलं. प्रोग्रॅमसाठी टाइपरायटरसारखा टाइप घेतला. त्यात काडीएवढ्या अक्षरालाही ढेरपोट्या अक्षराइतकीच जागा मिळते. काकांना तो अजिबात आवडला नाही. पण त्यात घरं नीट मोजता येत होती. ओळींचे आकडे त्यांनी चौकटीबाहेर बारीक टाइपात टाकले, म्हणजे कुणी ते प्रोग्रॅमचाच भाग समजून उतरवू नये. लांब ओळी कुठं मोडायच्या हे मेहुणीला विचारून ठरवलं. बाईंना हात जोडून सांगितलं, "प्रोग्रॅमला शुद्धलेखन लावू नका." बाई दोन दिवस फुगून बसल्या.

मालकांचं निराळंच. पानं तीनशेवरून तीनशे चाळीसवर गेली होती.

"काका, एवढी कोरी जागा? लोक पुस्तक घेणार आहेत की वही?"

"ती कोरी नाही मालक. भरलेली आहे, फक्त दिसत नाही."

"तब्येत बरी आहे ना?" मालकांनी विचारलं.

दर रविवारी मेहुणी प्रोग्रॅम चालवून पाहायची. एकूण एकाहत्तर. त्यांतले सत्तर चालले. पान दोनशे बाराचा काही केल्या चालेना, कारण मूळ हस्तलिखितातच एक महिरपी कंस उघडून तसाच सोडला होता. काकांनी तो बंद केला आणि पान घेऊन स्वतः विभागप्रमुखांकडं गेले.

साहेबांच्या टेबलावर संगणक होता. त्यावर प्लॅस्टिकचं आवरण होतं आणि आवरणावर फायली होत्या.

"तुम्ही प्रोग्रॅमर आहात?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. पण कंस उघडला की मिटायचा, एवढं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात."

"हा प्रोग्रॅम मी बारा वर्षं शिकवतोय."

"चालवून पाहिला होता का, सर?"

"शिकवतोय म्हटलं ना!" साहेबांनी लाल पेन काढलं, कंसावर काट मारली, शेजारी लिहिलं ‘हा कंस काढावा’, आणि खाली झोकदार सही केली.

काकांनी कंस काढला. दाढ उपटावी तसा काढला.

पुस्तक निघालं. महिनाभरात अख्खा वर्ग पान दोनशे बारावर अडकला. साहेबांनी मालकांना फोन केला आणि शुद्धिपत्राचा मजकूरच सांगितला : मुद्रकाच्या नजरचुकीने कंस राहून गेला आहे.

"माझी नजर चुकली नव्हती, मालक."

"अहो, नजरचूक म्हणजे काय शिवी आहे? प्रत्येक पुस्तकात असते. टाका छापून."

मालक खाली गेले. काकांनी पडद्यावर शुद्धिपत्रासाठी कोरं पान उघडलं. चुका त्यांच्याही झाल्या होत्या. एका कवीच्या ‘विरहा’चा ‘विहार’ छापून गेला, तेव्हा ते स्वतः त्याच्या घरी जाऊन माफी मागून आले होते. पण ही चूक त्यांची नव्हती. त्यांनी बोटं मोडली आणि जुळवलं : ‘पृष्ठ २१२, ओळ १४. शेवटी महिरपी कंस हवा. जुळणीत तो होता. लेखकांच्या लेखी सूचनेवरून काढला.’

मालकांनी न वाचताच सही केली. पानाहून लहान मजकूर वाचणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि मोठा वाचायला वेळ नसे. दोन हजार चिठ्ठ्या पुस्तकांत गेल्या.

चौथ्या दिवशी साहेब लाकडी जिना दणाणत वर आले. काकांनी कपाटातून लाल काट मारलेलं पान काढून पुढं ठेवलं. साहेब आपल्याच सहीकडं अनोळखी माणसाकडं बघावं तसे बघत राहिले.

"कंसाचं सोडा," शेवटी ते म्हणाले, "पण ‘लेखी’ लिहायची काय गरज होती?"

"तोंडी असती तर लिहिलं नसतं, सर."

साहेब आले तसे गेले. मालकांनी काकांशी अबोला धरला. पण पुढच्याच आठवड्यात दुसऱ्या कॉलेजांतले दोन प्राध्यापक आपापली बाडं घेऊन आले आणि ते शुद्धिपत्र कुणी केलं म्हणून विचारू लागले. "आमच्याच काकांनी!" मालक छाती काढून म्हणाले. "मीच बजावलं होतं त्यांना, जे खरं असेल तेच छापा."

त्या रविवारी काकांनी मेहुणीसमोर बसून सत्तावन्नाव्या वर्षी आयुष्यातला पहिला प्रोग्रॅम लिहिला. दोनच ओळी; दुसरी चार घरं आत. पडद्यावर एकाखाली एक, एक ते दहा आकडे उमटले. काकांनी बायकोला हाक मारली. ती हात पुसत आली आणि दहाही आकडे वाचून म्हणाली, "हे तर बालवाडीत शिकवतात."

काकांनी ते मान्य केलं, आणि तिला अकरा ते वीस करून दाखवले.