म्हैस पोहून गेली तो तलाव

नाशिकहून शहाद्याच्या बसमध्ये बसले, तेव्हा माझ्या पिशवीत विहीणबाईंसाठी चिवडा, जावयासाठी शर्टाचं कापड आणि अगदी तळाशी पोहण्याचा पोशाख, टोपी आणि गॉगल होता. गुडघ्यांसाठी रोज पोहते असं मी लोकांना सांगते. खरं म्हणजे सकाळी पाण्यात उतरले नाही तर मी दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसते, हे घरच्यांना पक्कं ठाऊक आहे. शाळेत खेळ शिकवून निवृत्त झाले आणि तेव्हापासून पोरांना पोहायला शिकवते. अर्ध्या नाशिकला मी पाण्यात ढकललं असेल. राहिली ती फक्त माझी लेक. गौरी लहानपणी तलावात उतरायची ती काठाला घट्ट धरून, आणि शिट्टी झाली की काठ धरूनच बाहेर यायची.

ही गौरी आता म्हसावदच्या पलीकडच्या एका गावात सून होऊन गेली होती. जावयांची शहाद्याला बँकेत नोकरी, घरी पपईची शेती. लग्नात विहीणबाई माझ्याशी मोजकंच बोलल्या, आणि त्यातही निम्मं "जेवन करा" एवढंच होतं. "सासूबाई चांगल्या आहेत गं, पण बोलतच नाहीत," असं गौरी फोनवर म्हणायची. आईच्या जिवाला घोर लागायला तेवढं पुरतं. या बाईशी माझ्या लेकीचं सूत जमेल का, हे बघायला मी निघाले होते.

धुळं मागे पडलं, सारंगखेड्याला तापीचा पूल आला. शेजारी बसलेल्या बाईंनी तोवर माझी सगळी चौकशी उरकली होती.

"लेककडे पहिलांदाच जाई ऱ्हायनात का?" त्यांनी विचारलं.

"हो."

"मंग साडी भेटी तुमले. आनि पहिलांदा विहीन जे मांगस ते देनं पडस. मांगी ल्या!" (पहिल्यांदा आलेली विहीण मागेल ते द्यावं लागतं. मागून घ्या!)

मी हसले आणि विसरून गेले.

गावात पोहोचले तेव्हा अंगणात चुलीवर खापर चढलं होतं. खापरावरचे मांडे, म्हणजे हातावर फिरवून मोठ्या केलेल्या पातळ पुरणपोळ्या, आणि सोबत डोळ्यांत पाणी आणणारी रशी. गौरीचे सासरे, गावाचे आप्पा, मोठे बोलघेवडे गृहस्थ. विहीणबाई मात्र वाढत होत्या आणि गप्प होत्या. काहीतरी विषय काढायचा म्हणून मी विचारलं, "इथे जवळपास कुठे पोहायला मिळेल का हो?"

"आई!" गौरी कळवळली.

"आमना मळामा स्विमिंग शे ना!" असं म्हणून आप्पा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

विहीणबाईंनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "सकायले मी लई जासू तुमले," त्या म्हणाल्या. (सकाळी मी नेईन तुम्हाला.)

सकाळी आम्ही दोघी निघालो. मी काखेत टॉवेल आणि पिशवी घेतली होती, त्यांच्या हातात विळा. ओट्यांवरची माणसं बघत होती, विहीणबाई डोक्यावरचा पदर सावरून खाली मान घालून चालत होत्या. गावाबाहेरचं मारुतीचं देऊळ ओलांडलं, पदर खांद्यावर आला आणि बाईंना जे तोंड फुटलं ते थांबेना! ही केळी कोणाची, ती पपई व्हायरसने कशी गेली, कोणाच्या सुनेनं काय केलं. उत्तरेला सातपुडा निळा दिसत होता, बांधावर तुरीच्या काड्या रचलेल्या होत्या, आणि मी मनात म्हणत होते, गौरी, तुझी सासू मुकी नाही गं, ती फक्त गावात असते तेव्हा गप्प असते.

"स्विमिंग कोणी बांधलं?" मी विचारलं.

"मोठा सासरा. सुरत गयात, हाटेलमा दखं, आनि आठे बांधं." उसाचे पैसे आले होते, हौस दांडगी होती. मग काय, घरचे पोरगे पोहले, पाहुणे पोहले. थोरले सासरे गेले आणि हौसही त्यांच्याबरोबर गेली.

"एक डाव म्हैस बी उतरनी त्यामा," विहीणबाई म्हणाल्या. "संध्याकायलोंग बाहेर निंघेच ना. म्हैस पोही गयी, पन घरनी बाई कधी उतरनी नही."

एवढं बोलून त्या थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "मन्हं माहेर तापीकाठनं शे. पोऱ्यासनी आगे मी पोहू." (पोरांच्या पुढे मी पोहायची.)

पपईच्या ओळी संपल्या आणि तलाव दिसला. निळ्या फरशा, गंजलेली शिडी, काठावर सिमेंटचा बाक. आणि कोरड्या तलावभर वाळत घातलेली लालभडक मिरची! धडगावकडून कामाला आलेल्या जमनाबाई मधोमध उभ्या राहून पायानं मिरची पसरत होत्या. माझ्या हातातला टॉवेल पाहून त्या म्हणाल्या, "ताई, यात पोहायचं?" आणि तोंडावर पदर घेऊन हसायला लागल्या. मीही हसले, तशी मिरची नाकात गेली. आम्ही तिघी बराच वेळ शिंकत होतो.

नाक पुसून विहीणबाई बाकावर बसल्या. "होयीनंतर (होळीनंतर) फोडी टाकतीन. पपईनं शेड बांधानं शे."

"आणि तुम्ही एकदाही उतरला नाहीत?"

"कशी उतरसू? सून व्हतू." त्यांनी विळ्यानं बाकाजवळचं गवत उपटलं. "आते तुम्ही मांगा. मन्हा शबद कोन आयकस? पन पहिलांदा येल विहीनना शबद कोनी मोडाव नही."

तेव्हा मला कळलं, मला फिरायला नाही, कामाला आणलं होतं. या बाईनं रात्रभर विचार करून बेत रचला होता. खालच्या तोटीतून पाणी थेट पपईला जातं, हेही मला घरी पोहोचेपर्यंत पढवलं. मला त्या एकदम आवडल्या.

संध्याकाळी ओटी भरली. ताटात मोरपंखी साडी होती, फार सुंदर. मी ती परत ताटात ठेवली.

"आप्पा, साडी नको. फोडायच्या आधी तलावात एकदा पाणी सोडा. आम्ही दोघी पोहणार."

जावई जमिनीकडे बघत होते.

"पानी?" आप्पा म्हणाले. "उन्हायाना तोंडवर?"

"वाया जाणार नाही. खालची तोटी उघडली की सगळं पपईला."

"तोटीनं तुमले कोनी सांगं?"

विहीणबाई निरांजनाची वात फार मन लावून नीट करत होत्या. आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मान शे तुमना. नही कसं म्हनसू?" गौरीनं ओठ दाबून हसू आवरलं आणि सासूबाईंकडे असं पाहिलं, जणू त्यांची आजच ओळख झाली.

दुसऱ्या दिवशी मिरची उचलली, तलाव झाडला, धुतला. शेताची वीज त्या आठवड्यात रात्रीची होती, त्यामुळे मोटर रात्रभर चालली. उजाडताना आम्ही गेलो तेव्हा तलाव काठोकाठ भरला होता. आप्पा पपईत पाठ करून उभे होते आणि "मी दखी नही ऱ्हायनू!" असं दर मिनिटाला ओरडून सांगत होते.

विहीणबाईंनी साडीचा कासोटा मारला, काठावर उभ्या राहिल्या आणि काय सूर मारला म्हणून सांगू! माझ्या शिकाऊ पोरांना दाखवावा असा. पलीकडे डोकं वर आलं आणि किंकाळी फुटली.

"झोंबस व माय!"

"काय व्हयनं?" पपईतून आप्पा.

फरशांच्या सांध्यांत इतक्या वर्षांची मिरची मुरली होती, ती धुतल्यानं थोडीच जाणार? डोळ्यांतून धारा, अंगाची आग, पण बाई बाहेर यायला तयार नाहीत. मी पोहत जाऊन माझा गॉगल त्यांना चढवला आणि स्वतः डोळे मिटून पोहले. त्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जात होत्या, येत होत्या, मध्येच उताण्या होऊन आभाळाकडे बघत होत्या. गौरी काठावर टॉवेल घेऊन बसली होती. "ये ना व पोरी," सासूबाई म्हणाल्या. तिनं मान हलवली, पण पाय पाण्यात सोडले. मी काही बोलले नाही. मी बोलले की ती पाय काढून घेते, हे एव्हाना शिकले आहे.

निघताना गॉगल विहीणबाईंकडेच ठेवला. बस सुटेपर्यंत त्या खिडकीशी उभ्या होत्या आणि चार माणसांदेखत मोठ्यानं बोलत होत्या.

नाशिकला शेजारणी साडी बघायला आल्या. साडी नाही म्हटल्यावर त्यांची तोंडं पडली. मी दंडावरची लाली दाखवली, तर त्यांना वाटलं माझं काही खरं नाही.

होळी होऊन गेली. तलाव फुटला का, हे विचारायचं धाडस मला होईना. मग एका सकाळी गौरीचाच फोन आला. आप्पा रोज तोटी उघडायला जातात, म्हणाली, आणि सासूबाई रोज "सकाय सोडू" (उद्या सोडू) म्हणून परत पाठवतात. शेडचे पत्रे बांधावर तसेच पडून आहेत. पाण्यातला तिखटपणा आता गेला आहे.

"तुला काय माहीत, गेला की नाही?" मी विचारलं.

"आई," ती म्हणाली, "आज मी काठ सोडला."