आमच्या गच्चीवरचा उपग्रह

आमच्या घरात उपग्रह मी आणला, आणि त्यानंतर बरेच दिवस घरातली माणसं माझ्याशी भिंतीकडे बघून बोलत होती.

दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. मी कळंबच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. स्वभावाने तापट. (हे माझं मत नाही. लग्नात उखाणा घेताना मध्ये बोललेल्या मामेसासऱ्यांना मी जे ऐकवलं, तेव्हापासून हे गावाचं मत आहे.) मला सगळ्यात जास्त राग यायचा तो टीव्हीवरच्या हवामानाच्या बातम्यांचा. 'राज्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता.' तुरळक ठिकाणी म्हणजे कुठे? आदल्या उन्हाळ्यात त्या तुरळक ठिकाणांत आमचं शेत निघालं आणि काढून ठेवलेला कांदा भिजला. सासरे, म्हणजे मामा, भिजलेला कांदा निवडत बसले. मी मात्र रिमोट भिंतीवर फेकला. तो फुटला, आणि पुढे दोन महिने आम्ही जे चॅनेल लागलं होतं तेच बघितलं.

अशातच इलेक्ट्रॉनिक्सच्या एका मासिकात वाचलं, की हवामानाचे उपग्रह रोज आपल्या डोक्यावरून जातात आणि जाताजाता खालचं चित्र रेडिओवरून पाठवतात. ज्याला हवं त्याने पकडावं. रेडिओतला आवाज कॉम्प्युटरला दिला, की सॉफ्टवेअर त्याचं चित्र करतं. मी मासिक मिटलं आणि मंचरला सलीमभाईंकडे गेले. सलीमभाईंचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. त्यांच्याइतकाच तापट माणूस मी फक्त आरशात बघितला आहे.

"असला रेडिओ बनवायला पंधरा दिवस लागतील," ते म्हणाले.

"आठ दिवसांत द्या."

"मंग तुमीच बनवा की, भाभी."

पंधरा दिवसांनी ते रेडिओ आणि ॲल्युमिनियमच्या चार दांड्यांची ॲन्टेना घेऊन स्वतः आले. ॲन्टेना गच्चीवर लावायची होती आणि गच्चीवर सासूबाईंच्या कुरडया वाळत होत्या. गल्लीतल्या आणखी दोन घरांच्या कुरडयाही आमच्याच गच्चीवर होत्या, कारण आमच्या गच्चीला ऊन चांगलं. सलीमभाईंनी दोन तास पंजांवर चालून ॲन्टेना उभी केली. खाली येऊन चहाचा कप तोंडाला लावतात तोवर सासूबाईंनी तिच्या एका दांडीवर जुनं लुगडं वाळत घातलं.

"भाभी," सलीमभाई मला म्हणाले, "सासूबाईंना सांगा, ही ॲन्टेना हाय."

"त्याला सांग," सासूबाई मला म्हणाल्या, "ही माजी गच्ची हाय."

दोघं एकमेकांपासून हातभर अंतरावर उभे होते.

मग सॉफ्टवेअर. ते मी सायबर कॅफेतून सीडीवर घालून आणलं होतं. कॉम्प्युटर माझ्या भावाने येडगावहून पाठवलेला, जुना. सीडी आत गेली, घरघरली आणि बाहेर आली. पुन्हा ढकलली, पुन्हा बाहेर. तिसऱ्यांदा मी तिला हाताने धरून ठेवलं. तेवढ्यात लोडशेडिंग. दुसऱ्या दिवशी कसंबसं सॉफ्टवेअर चढलं, तर ते विचारायला लागलं, तुम्ही पृथ्वीवर कुठे आहात? शाळेच्या नकाशातून अक्षांश-रेखांश काढून भरले. लगेच उत्तर आलं, उपग्रह दुपारी सव्वादोनला येईल.

मी घरात सांगितलं. चूक तीच झाली. सव्वादोनला मामा फेटा बांधून खुर्चीत बसले होते. सासूबाई शेजारणीला घेऊन आल्या होत्या. माझे यजमान विलासराव कांद्याचा टेम्पो दारात उभा करून आले होते. रेडिओतून नुसता खरखराट. अडीच वाजले. शेजारीण गेली.

"पावणं जेवूनच येणार दिसतंय," विलासराव म्हणाले.

मी रेखांश पुन्हा तपासले. पूर्वेच्या जागी पश्चिम पडलं होतं. सॉफ्टवेअरच्या मते आमचं कळंब अमेरिकेच्या बाजूला कुठल्यातरी बेटालगत समुद्रात होतं, आणि तिथे उपग्रह बरोबर सव्वादोनला गेला असणार. हे मी कोणाला सांगितलं नाही. 'यंत्र खराब आहे' म्हणाले आणि कॉम्प्युटरच्या डोक्यावर एक चापट मारली.

पुढच्या सकाळी मात्र उपग्रह आला. खरखराटातून टक-टक, टक-टक असा आवाज वर येत गेला, आणि पडद्यावर एकेक रेघ उमटत चित्र खाली सरकायला लागलं. आधी करडं, मग पांढरं, मग गुजरातचा तो जबड्यासारखा आकार, त्याखाली आपला किनारा. माझ्या अंगावर काटा आला. मध्ये काळे पट्टे होते, कारण सासूबाईंनी तेवढ्यात मिक्सर लावला होता. मी ओरडले, त्यांनी मिक्सर बंद केला, आणि चटणी अर्धवट राहिली म्हणून त्या दिवशी मला जेवताना चटणी मिळाली नाही. तरी चालेल. आकाशातून खाली बघणारी कळंबमधली मी एकटी होते.

त्याच आठवड्यात आमचा कांदा निघाला. शेतात रांगा लावून पातीखाली झाकलेला. दुसऱ्या दिवशी बायका पात कापायला येणार, आणि मग कांदा बराखीत, म्हणजे साठवायच्या छपरात, जाणार. मध्ये फक्त एक रात्र. दुपारी मामा शेतातून आले ते आभाळाकडे बघतच.

"हवा कोंदलीया. ताडपत्री टाकून आलोय."

"मामा, या उन्हात ताडपत्रीखाली कांदा उबेल. थांबा, उपग्रह यायचाय."

तो आला. आणि काय चित्र आलं. एक पट्टा नाही की खरखर नाही. ढगांचा मोठा पांढरा गोळा, आणि तो कुठे, तर उजवीकडे, समुद्राला लागून. समुद्र उजवीकडे म्हणजे बंगालचा उपसागर. आपल्यापासून कुठल्याकुठे.

"विशाखापट्टणमला पाऊस आहे," मी जाहीर केलं. "आपल्याकडे काही नाही. ताडपत्री काढा."

"अगं पन वारं..."

"मामा, मी पृथ्वी बघतेय. तुम्ही नुसतं शेत बघताय."

(हे वाक्य पुढे आमच्या घरात पुष्कळ वेळा म्हटलं गेलं. मी सोडून सगळ्यांनी म्हटलं.)

मामा ऐकेनात. मग मी चिडले. मी स्वतः शेतात गेले आणि पदर खोचून ताडपत्री ओढून काढली. मामा बांधावर उभे राहून बघत होते. मी ताडपत्रीची नीट चौकोनी घडी घातली, तिच्यावर दगड ठेवला आणि म्हणाले, "शिकलेल्या माणसाचं कधीतरी ऐकावं."

मामा म्हणाले, "ती ईज चमाकली ती कुठली?"

"लांबची."

"आन् ह्यो थेंब?"

थेंब माझ्या चष्म्यावर पडला होता.

पुढचा तासभर काय झालं ते मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. मी घडी उलगडायला गेले तर वाऱ्याने ताडपत्री माझ्या अंगाभोवती गुंडाळली. मामा ताडपत्रीच्या बाहेरून मला शिव्या देत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी मला शिव्या दिल्या म्हणून मी आतून त्यांच्यावर चिडत होते. विलासराव टेम्पो बांधापर्यंत घेऊन आले आणि आम्ही पाट्या भरभरून कांदा त्यात ओतला. गारा सुरू झाल्या. मी पाटी डोक्यावर पालथी घातली, तर विलासराव ओरडले, "आगं, पाटी कांद्याला हाय, तुला न्हाई." त्यावर मी जे बोलले ते शाळेतल्या बाईंनी बोलू नये. तिकडे गावात सासूबाई एकट्या गच्चीवर तीन घरांच्या कुरडया गोळा करत होत्या. कुरडयांचा पुन्हा चीक झाला.

निम्माअधिक कांदा वाचला, तोही ओला. बराखीत ओला भरता येत नाही, म्हणून तो घरात पसरला. ओसरीवर, माजघरात, कॉम्प्युटरच्या खोलीत. संध्याकाळी वीज आली तेव्हा घरातले चौघंही चिखलाने माखलेले, कांद्यांच्या मधून वाट काढत चाललेले, आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. मला ते सहन होईना. शांतपणे चूक सोसणं मला जमत नाही, त्यातून चूक माझी असेल तर मुळीच नाही. मी ताडताड जाऊन कॉम्प्युटर चालू केला आणि दुपारचं चित्र उघडलं.

"या सगळ्यांनी. बघा. डोळ्यांनी बघा. ढग आहे का आपल्यावर? यात माझी काय चूक?"

कोणी आलं नाही. विलासराव मात्र खोलीतच होते. समोरच्या खाटेखाली कांदा सरकवायला ते ओणवे झाले होते. त्यांनी दोन पायांमधून मागे वळून पडद्याकडे बघितलं आणि तसेच थांबले.

"ह्ये गुजरात हाय," ते म्हणाले.

"कुठे गुजरात? ते आंध्र आहे."

"दर म्हैन्याला कांदा घेऊन वापीला जातोय मी. तू हिकडनं वाकून बघ."

मी वाकले. बाई असून, शाळेची शिक्षिका असून, सासरच्या घरात पायांमधून वाकून बघितलं. गुजरात होतं. जबड्यासकट. उजवीकडचा समुद्र डावीकडे गेला होता, आणि ढगांचा तो पांढरा गोळा मुंबईपासून पुण्यापर्यंत आमच्या डोक्यावर बसला होता.

सकाळचा उपग्रह उत्तरेकडून खाली येतो, दुपारचा दक्षिणेकडून वर जातो. दुपारचं चित्र त्यामुळे उलटं उमटतं, आणि ते सुलटं करायला सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा चौकोन असतो. त्यात फक्त बरोबरची खूण करायची. मी वाकल्यावाकल्याच हात मागे नेऊन ती केली. चित्र गर्रकन फिरलं. आम्ही दोघं अजून ओणवेच होतो, त्यामुळे आम्हाला ते पुन्हा उलटं दिसलं.

नेमक्या त्याच वेळी सासूबाई दारात आल्या. त्यांनी आम्हाला दोघांना पाठमोरं, वाकलेलं, कांद्यांत उभं असलेलं बघितलं. त्या आल्या पावली परत फिरल्या. ओसरीवरून त्यांचा आवाज आला, "त्याला पन लागलं वाटतं त्ये खूळ."

दुसऱ्या दिवशी सलीमभाई चौकशीला आले. मी त्यांच्यावर ओरडले, की तुमची ॲन्टेना उलटी चित्रं पकडते. ते माझ्यावर ओरडले, की ॲन्टेनेला डोकं नसतं, ते वापरणाऱ्याने आणायचं असतं. मामांनी दोघांना चहा दिला. माझा कप त्यांनी माझ्या हातात दिला नाही, कट्ट्यावर ठेवला.

नंतर मी जिद्दीने रोज चित्रं घेतली. सुलटी, स्वच्छ, खूण दोनदोनदा तपासून. पावसाळा तोंडावर आला तशी माणसंही विचारायला यायला लागली. मला वाटलं, लोकांना अखेर किंमत कळली. एका सकाळी शेजारचे भाऊ दारात थांबले. त्यांचा भुईमूग काढायचा होता.

"बाई, आज काय म्हनतोय तुमचा उपग्रह?"

मी चित्र बघून सांगितलं, "आज स्वच्छ ऊन. बिनधास्त काढा."

ते मनापासून आभार मानून वळले आणि गल्लीत पोचताच बायकोला हाक मारली, "आगं ये, आज भुईमूग नगं. बाई ऊन म्हनल्यात."

त्याचा मला राग आला नाही. राग याचा आला, की दुपारी तीनला पाऊस आला.