पेठची मुलगी, निफाडची श्रेणी

आमच्या जिल्ह्यात मुलांच्या परीक्षा व्हायच्या तशा तालुक्यांच्याही व्हायच्या. बैठकीला नाशिकला बोलावलं की सभागृहाच्या भिंतीवर एक भलामोठा तक्ता टांगलेला असे. कुठल्या तालुक्यातल्या सरकारी शाळा किती चांगल्या, याचा. निफाडसारखे बागायती तालुके वर, पेठ आणि सुरगाणा तळाला. मी तेव्हा पेठ तालुक्यातल्या एका डोंगरातल्या पाड्यावर शिकवत होते, म्हणजे तळाशीच. पहाटेची एसटी पकडून, धूळ खात नाशिकला पोचायचं आणि शेवटच्या रांगेत बसून तो तक्ता बघायचा. मग कोणीतरी साहेब छडी घेऊन उभा राहणार आणि ठरलेलं वाक्य फेकणार, "निफाडला जमतं ते पेठला का जमत नाही?"

माझ्या डोक्यात तिडीक जायची. एकदा मी उठून म्हटलंही, साहेब, एक पावसाळा आमच्याकडे राहायला या, मग बोलू. सगळे हसले. साहेबही हसले. पुढच्या बैठकीला तक्ता तिथेच आणि वाक्यही तेच.

आमची शाळा म्हणजे एक खोली आणि तिला लागून एक पडवी. चार वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक कायम कुठल्यातरी कामाला बाहेर. पण माझा राग त्यावर नव्हता, तेवढं माणूस निभावून नेतं. राग होता तो दिवाळीनंतरच्या दिवसांवर. भात कापून झालं, नागली घरात आली की मुकादमाचा टेम्पो यायचा आणि अर्धा पाडा त्यात चढायचा. आई, बाप, कोंबड्या, भांडीकुंडी आणि माझा वर्ग. सगळे चालले निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत. आदल्या दिवशी पाढे म्हणणारी मुलं टेम्पोतून मला हात करायची आणि मी रिकाम्या खोलीत खडू घेऊन उभी. नंतर तपासणीला आलेला माणूस रिकाम्या जागा बघून तोंड वाकडं करणार आणि शेरा मारणार, उपस्थिती असमाधानकारक. अहो, पोरं गेली कुठे ते तरी विचारा. ज्या तालुक्याचं कौतुक करताय ना, त्याच्याच बागांत गेलीत ती.

दोन हजार सालानंतर माझी बदली झाली. पंचवटीत घर, नवऱ्याची नोकरी नाशिकला, म्हणून मी कितीतरी वर्षं अर्ज करत होते. मिळालं ते निफाडकडचं गाव. म्हणजे मी तळातून उचलून थेट तक्त्याच्या माथ्यावर. पहिल्या दिवशी शाळा बघितली आणि खरं सांगते, मला रडू आलं. प्रत्येक वर्गाला स्वतंत्र खोली. नळाला पाणी. बागायतदारांनी वर्गणी काढून बांधलेली भिंत, दिलेला टीव्ही, लेझीम, ढोल. एकाच सरकारच्या दोन शाळा, पुस्तकं तीच, पगार तोच, आणि मधे एवढी दरी. माझी पेठची मुलं पाणी प्यायला ओढ्यावर जायची.

आठवडाभरात दुसरी गोष्ट ध्यानात आली. सकाळी शाळेच्या फाटकासमोरच एक पिवळी गाडी थांबायची आणि गावातल्या निम्म्या मुलांना घेऊन इंग्रजी शाळेला जायची. टाय, बूट, पाण्याची बाटली. ही मुलं आमच्या शाळेत येत नव्हती, पण आमच्या पटावर त्यांची नावं शाबूत होती. पट घसरला तर शिक्षक कमी होणार, म्हणून हेडसरांनी ती काढली नव्हती. मी विचारलं तर म्हणाले, "बाई, सगळीकडे असंच चालतं. तुम्ही नवीन आहात." पंधरा-सोळा वर्षं खडू झिजवून मी नवीन.

त्याच हिवाळ्यात ती मला दिसली. शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे द्राक्षबाग होती. मधल्या सुट्टीत मी तिकडे गेले तर वेलीखाली एक मुलगी घडातले बारीक मणी कात्रीने काढत उभी. मला बघून कात्री खाली टाकली आणि "बाई" म्हणून धावत आली. माझीच होती, पेठची. पहिली ते तिसरी माझ्याकडे शिकलेली. पावसात डोक्यावर इरलं घेऊन शाळेत येणारी, पुस्तक दिसलं की हातातलं काम विसरणारी. आता चौथीला होती, म्हणजे नावाला. तिचं नाव इथे लिहीत नाही. पुढे जे झालं ते वाचलं की का ते कळेल.

तिच्या आईने मला बागेतल्या पत्र्याच्या खोलीत बसवून चहा दिला आणि मनातलं सांगितलं. पोरगी चौथी पास झाली की तिला पेठच्या आश्रमशाळेत पाचवीला घालायची. तिथेच राहणं, तिथेच जेवण. "मग आमच्या मागं मागं फिरायला नको तिला," आई म्हणाली. चौथी पास एवढंच हवं होतं. मी म्हटलं, त्यात काय, मी बसवते तिला माझ्या शाळेत, परीक्षा इथेच देईल. मला वाटलं होतं, भिंतीला फाटक आहे, त्यातून पोरीने आत यायचं, संपलं.

हेडसरांनी हात वर केले. "आधीच्या शाळेचा दाखला आणा." मी रजा टाकून पेठ गाठलं. पाड्यावर माझ्या जागी आलेले गुरुजी भले माणूस, पण त्यांनीही मान हलवली. म्हणाले, "बाई, एकेकीचा दाखला देत गेलो तर पट खाली येतो. एक शिक्षक उचलतील. मग उरलेल्यांना कोण शिकवणार, तुम्ही येणार?" ते खोटं बोलत नव्हते. वर म्हणाले, "परीक्षेच्या दिवसांत तिला इकडे आणा, मी पेपर घेतो आणि निकाल देतो." तेवढं पदरात पाडून घेऊन मी परत आले. येताना एसटीत सगळ्या वाटेने चरफडत होते. तिकडच्या शाळेला पोरीचं नाव सोडवत नव्हतं आणि इकडच्या शाळेला पोर नको होती.

नको होती असं म्हणते खरी, पण एक दिवस ती हवी झाली.

मार्चात तपासणीचं पथक येणार असं कळलं. श्रेणी ठरणार होती. पथक पटावरची मुलं मोजणार, आणि निम्मी तर पिवळ्या गाडीत. हेडसरांनी आदल्या दिवशीच बागेत माणूस पाठवला. सकाळी मी शाळेत पोचले तर व्हरांड्यात मजुरांची पोरं ओळीने उभी, कपाटातले जास्तीचे गणवेश त्यांच्या अंगावर चढवणं चाललेलं, आणि हेडसर एकेकाला नाव घोकून घेत होते. तू आजपासून अमुक, तू तमुक. माझ्या पोरीला चौथीतल्या एका मुलीचं नाव मिळालं. ती मुलगी एका बागायतदाराची, इंग्रजी शाळेत जाणारी. पोरगी माझ्याकडे बघून हसली. तिला वाटलं, मी सांगितल्यामुळे तिला शाळेत घेतलंय.

मी हेडसरांना बाजूला घेतलं. म्हटलं, सर, हे काय चाललंय? लाज वाटत नाही? ते हळू आवाजात म्हणाले, "बाई, तुमचीच नोकरी वाचवतोय." मी म्हटलं, मग उद्यापासूनही बसवा त्यांना. "बघू," म्हणाले. बघू म्हणजे नाही, हे इतक्या वर्षांत मला कळत नाही होय?

पथकातले मोठे साहेब चौथीच्या वर्गात आले. दोघा-तिघांना उभं केलं, त्यांची त-त-प-प झाली. मग माझ्या पोरीने हात वर केला. हिला कोण गप्प बसवणार? साहेबांनी पुस्तकातला कुठलासा उतारा काढून दिला. तिने तो न अडखळता वाचला. तोंडी भागाकार घातला, तो केला. साहेबांनी नाव विचारलं, तिने घोकलेलं नाव नीट सांगितलं. साहेब खूष. तिच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास. ही मुलगी पास. हिची परीक्षा घ्यायचीसुद्धा गरज नाही." आणि आमच्याकडे वळून, "याला म्हणतात निफाड. पेठच्या शिक्षकांना इथे आणून दाखवलं पाहिजे."

मला राहवलं नाही. म्हटलं, "साहेब, ही मुलगी पेठचीच आहे. मी शिकवलीय हिला." हेडसर लगबगीने म्हणाले, "बाई आधी पेठला होत्या ना." त्यावर साहेब मोठ्याने हसले. "बाई, तुमचं पेठ काही सुटत नाही वाटतं," म्हणाले आणि पुढच्या वर्गात गेले. मागे त्यांची माणसंही हसत गेली. मी खरं बोलले आणि विनोद ठरला. आजही आठवलं की अंगाची लाही होते.

दुसऱ्या दिवशी पोरगी वेणी-फणी करून, पिशवी घेऊन फाटकाशी हजर. शिपायाने आत घेतलं नाही. गणवेश पुन्हा कपाटात गेले होते. थोड्याच दिवसांत श्रेण्या जाहीर झाल्या. आमच्या शाळेला 'अ'. तिकडे माझ्या जुन्या पाड्यावरच्या शाळेला 'ड', आणि कारण काय, तर चौथीची मुलं गैरहजर. त्या गैरहजर मुलीच्याच वाचनावर इकडे पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही. हेडसर म्हणाले, बाईंना मधुमेह झाला की काय.

एप्रिलमध्ये परीक्षा. माझ्या शाळेची परीक्षा त्याच दिवसांत, मला हलता येईना. मी तिच्या बापाला गाठून बजावलं. नाशिकला एसटी बदला, पेठची गाडी धरा, गुरुजींना निरोप दिलाय, पोरीला पोचवा, काही करून पोचवा. बागेत खरड छाटणी सुरू होती, मुकादम कुणाला सोडायला तयार नव्हता. त्याच्याशीही मीच भांडले आणि बापाची सुट्टी मिळवली. बापाने मान डोलावली. मी निर्धास्त झाले. आपण मास्तर लोक, मान डोलावली की समोरच्याला कळलं असं समजतो.

एक मे. झेंडावंदन झालं, मग निकाल. चौथीच्या पास झालेल्या मुलांची नावं हेडसर एकेक करून वाचणार आणि त्या मुलाने उभं राहायचं, अशी आमच्याकडे रीत होती. गावातले पालक आले होते, सरपंच होते. वाचता वाचता त्या बागायतदाराच्या मुलीचं नाव आलं. ती अर्थातच नव्हती, तिच्या शाळेला केव्हाच सुट्टी लागली होती. हेडसर पुढचं नाव वाचणार, तोच मागच्या रांगेतून आवाज आला, "हजर."

माझी पोरगी उभी होती. डोक्याला तेल, अंगावर धुतलेला झगा. तिला बघून काही बायका हसल्या. हेडसरांनी हाताने खाली बस अशी खूण केली आणि पुढचं नाव वाचलं. ती बसली नाही.

मी फाटकाकडे धावले. बाप तिथेच उभा होता, मागे रस्त्यावर मुकादमाचा टेम्पो, सामान भरलेलं. सगळे त्याच दिवशी पेठला परत निघाले होते. मी विचारलं, "परीक्षेला नेलं नाही तुम्ही हिला?"

"कशाला नेऊ बाई?" तो शांतपणे म्हणाला. "मोठ्या साहेबानं सगळ्यांच्या म्होरं पास केली ना. परीक्षेची गरज नाय म्हनले. साहेबापरीस गुरुजी मोठा हाय का?"

मी काय सांगणार होते त्याला? की साहेबाने पास केली ती तुझी मुलगी नव्हे? की साहेबाचा शब्द तू खरा मानलास ही तुझीच चूक? मी त्याच्यावर ओरडले, हेडसरांवर ओरडले, सरपंचांसमोर तोंडाला येईल ते बोलले. हेडसर एवढंच म्हणाले, "बाई, आज निकाल आहे, तमाशा नको." पाड्यावरच्या गुरुजींनी तिच्या नावापुढे परीक्षेला गैरहजर असं लिहून निकाल केव्हाच वर पाठवला होता. चौथी पुन्हा. आणि दिवाळीनंतर पुन्हा टेम्पो.

मुकादम हॉर्न वाजवायला लागला. पोरगी माझ्याजवळ आली. घाबरली होती, पण रडत नव्हती. आपल्याला नाव वाचून पास केलंय, हे तिने स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तिने माझा पदर धरला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं, "बाई, मग आश्रमशाळेत कुठलं नाव सांगू? माझं, का ते पास झालेलं?"