भंडारदऱ्याचं रीळ

लग्नानंतर चौथ्या महिन्यात यांची बदली भंडारदऱ्याला झाली आणि मीही यांच्याबरोबर धरणावर राहायला गेले. महायुद्धाची शेवटची दोन वर्षं होती ती. हे पाटबंधारे खात्यात कारकून. सकाळ-संध्याकाळ धरणाच्या पाण्याची पातळी पाहून वहीत लिहायची आणि बंगल्यावर कोणी साहेब उतरला तर त्याची सोय बघायची, एवढं यांचं काम. राहायला दोन खोल्या, पुढे पडवी, पडवीपुढे अंगण. शेजार म्हणजे धरणाचा म्हातारा पहारेकरी. त्याची वस्ती खाली ओढ्याच्या पलीकडे होती. नगरच्या आमच्या घरी अकरा माणसं. इथे मी आणि हे.

नगरच्या छावणीतला एक मेजर सुट्टी मिळाली की मासे धरायला यायचा. एकदा जाताना त्याने आपली जुनी काठी आणि रीळ यांना देऊन टाकलं. रीळ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे दोऱ्याचंच रीळ आलं. हे पितळेचं होतं, बशीएवढं, हस्तिदंती मुठीचं. त्यावर रेशमी दोर गुंडाळलेला.

"फुकट कसं काय दिलं?" मी विचारलं.

"भरवशाचं नाही म्हणे. दोन मोठे मासे याच्यामुळे गेले. त्याने आता नवं मागवलंय."

मासा ओढायला लागला की दोर आपोआप सुटत जावा, पण एकदम सुटू नये, म्हणून रिळाला ब्रेक असतो. नव्या रिळांचा ब्रेक बाजूच्या कळीने एकदा बसवून ठेवायचा. या जुन्याची तऱ्हाच वेगळी होती. त्याचा ब्रेक मुठीतच होता. मूठ पुढे फिरवली की आवळायचा, अर्धा आटा मागे घेतली की ढिला व्हायचा. म्हणजे मासा कसा ओढतोय हे ओळखून हातानेच क्षणोक्षणी कमीजास्त करायचं.

आमच्या घरात मासा शिजत नव्हता. माझे वडील शाळामास्तर, सासरे कोर्टात कारकून. तरी हे गळ टाकायला लागले, कारण संध्याकाळच्या नोंदीनंतर तिथे दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. मासा मिळाला की पहारेकऱ्याच्या घरी जायचा. गळाला लावायचा पिठाचा गोळा मी करून द्यायची. नागलीचं पीठ भाजून, त्यात चिमूटभर हिंग घालून. हिंगाची युक्ती पहारेकऱ्याची. "वासाला लई लांबून येत्यात बगा, बाई," तो म्हणायचा.

महिन्याभरात यांचा दोर दोनदा तुटला. दुसऱ्या वेळी हे घरी आले आणि रीळ पडवीच्या कोपऱ्यात ठेवून दिलं. "मेजर खरं सांगत होता," एवढंच बोलले आणि जेवायला बसले.

दुसऱ्या दिवशी हे धरणावर गेल्यावर मी ते रीळ हातात घेतलं. माझ्याकडे माहेरून आलेलं हाताचं शिवणयंत्र होतं. त्याच्या चाकाच्या मधली चकती ढिली केली की चाक फिरतं पण सुई हलत नाही. बॉबिन भरताना तसंच करतात. मूठ पुढेमागे करून पाहिली तेव्हा वाटलं, हेही त्यातलंच. फक्त मागे घेतल्यावर ते सरळ सुटत नव्हतं. अडायचं, मग एकदम झटका देऊन सुटायचं. असा झटका बसला तर दोर तुटणारच. यंत्राच्या लहान पेचकसाने मी ते उघडलं. आत दोन पितळी चकत्यांच्या मध्ये चामड्याची एक चकती होती. वाळून पापडासारखी झालेली, एका कडेला तडकलेली.

हे आले तेव्हा पडवीत वर्तमानपत्रावर सगळे भाग मांडलेले आणि मी मध्ये बसलेली. मला वाटलं, रागावणार.

"परत जोडता येईल का तुला?" यांनी विचारलं.

"येईल. पण चामडं नवं पाहिजे. रीळ चांगलं आहे हो. बिघडलंय ते एवढंच."

यांनी आपली जुनी वहाण कापायला काढली. तेवढ्यात पहारेकरी आला. त्याने चकती बोटांत धरून पाहिली आणि मान हलवली. "वहानंचं न्हाई चालायचं, भाऊसाहेब. त्ये पान्यात फुगतंय. मोटंचं पायजे. पान्यातच जलम गेलाय त्याचा." त्याच्या मेहुण्याची विहीर खाली अकोले गावाकडे होती. आठ दिवसांनी फाटलेल्या मोटेचा हातभर तुकडा आला. जुनी चकती वर ठेवून मी पेन्सिलीने गोल काढला आणि कात्रीने कापला. मग दोन दिवस वाटीत एरंडेलात बुडवून ठेवला.

रीळ जोडून झाल्यावर आम्ही ते अंगणात पाहिलं. मी मूठ धरून उभी राहिले. दोराचं टोक यांनी मनगटाला गुंडाळलं आणि म्हणाले, "आता मी मासा." आणि पळाले. मी अर्धा आटा मागे घेतला, दोर सुरसुर सुटायला लागला. अडला नाही, झटका नाही. पुढे आवळलं तसे हे आवळीच्या झाडाशी थांबले. मग डावीकडे पळाले, उजवीकडे पळाले, धोतराचा सोगा हातात धरून. मी हसून हसून खाली बसले. असे पळताना मी यांना आधी कधी पाहिलं नव्हतं, पुढेही कधी पाहिलं नाही.

त्यानंतर काठी निम्म्या वेळा माझ्या हातात असायची. पाहायला होतंच कोण! यांना दोर लांब टाकता यायचा, पण मुठीचं मला जास्त कळायचं. दर पंधरा दिवसांनी मी ते उघडून चामड्याला एरंडेल लावायची. एवढं केलं की ते रीळ कधीही दगा द्यायचं नाही.

थंडीतली एक सकाळ मला नीट आठवते. धरणाखालच्या डोहावर आम्ही तिघे होतो. काठी यांच्या हातात होती. गळ लागला आणि मासा असा सुटला की हे शेवाळावरून घसरून मनगटावरच आपटले. काठी सोडली नाही, पण हात कामातून गेला. "अगं, धर! धर लवकर!" मी धरली. दोर इतक्या वेगाने चालला होता की रिळातून भुंग्यासारखा आवाज येत होता.

"आवळू नका, बाई! जाऊ द्या त्याला, जाऊ द्या!" पहारेकरी ओरडत होता.

मी अर्धा आटा मागे घेतला. मासा डोहाच्या पलीकडच्या काठापर्यंत गेला आणि थांबला. मग मी थोडं आवळून त्याला आणायची, तो पुन्हा जायचा. उन्हं डोक्यावर येईपर्यंत हेच चाललं. मुठीतून तो मला कळत होता. कधी डोकं झटकतोय, कधी तळाला जाऊन नुसता बसलाय. हे माझ्या मागे उभे होते, दुखरा हात पोटाशी धरून. मधे एकदाच विचारलं, "देऊ का पहारेकऱ्याकडे?" मी नाही म्हटलं.

शेवटी तो उथळ पाण्यात आला तेव्हा पहारेकरी कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि त्याला कवेत घेऊन वर आला. महाशीर. माझ्या खांद्याला लागेल एवढा. अंगावर तांब्याच्या नाण्यांएवढे खवले. पाहून मला आनंद झाला आणि रडूही आलं. दोन्ही खरं. पहारेकऱ्याच्या वस्तीवर त्या दिवशी सगळे जेवले.

माझा तळवा सोलून निघाला होता, बोटं मिटत नव्हती. यांचा एक हात बांधलेला. दुपारी यांनी चांगल्या हाताने तेल कोमट केलं आणि पडवीत बसून माझं एकेक बोट चोळून दिलं. समोर पाणी होतं, त्याच्यापलीकडे डोंगर.

पुढच्या वर्षी बदलीचा हुकूम आला. जामखेड. तिकडे दुष्काळी तलावांची कामं निघाली होती आणि बिऱ्हाडाची सोय नव्हती, म्हणून हे एकटे गेले आणि मी नगरला. सामान बांधताना यांनी रीळ स्वतःच्या ट्रंकेत ठेवलं.

"तिकडे प्यायला पाणी नाही म्हणतात," मी म्हटलं. "मासे कुठून असणार?"

"असू दे," हे म्हणाले.

नगरच्या घरी यांचं पत्र सासऱ्यांच्या नावाने यायचं आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचे. ऊन फार आहे, तब्येत बरी आहे, थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद. बायकोला वेगळं पत्र लिहायची आमच्याकडे रीत नव्हती. पहिल्याच पत्राच्या शेवटी एक ओळ होती. 'रीळ ठीक आहे, रविवारी तेल दिले, असे घरात सांगावे.'

सासऱ्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "हे कसलं रीळ?"

"शिवणाचं असेल तिच्या," सासूबाई म्हणाल्या.

मी स्वयंपाकघराच्या दाराआड होते. पुढे प्रत्येक पत्रात ती ओळ यायची. कधी 'चामडे मऊ आहे', कधी 'उन्हाने थोडे आवळले होते, आता बरे आहे'. सासरे उत्तर लिहायला बसले की विचारायचे, "काही कळवायचंय का?" आणि मी आतून म्हणायची, "इकडेही ठीक आहे म्हणावं." घरात बाकी कोणाला त्यात काही वाटलं नाही. मी मात्र ती ओळ आठवडाभर पुरवून वापरायची.

तीन वर्षांनी हे नगरला परत आले. तोवर देश स्वतंत्र झाला होता, घरातली माणसं वाढली होती. मग आमची मुलं झाली. रीळ यांनी पुढे अकोल्याला बदलून जाणाऱ्या एका तरुण कारकुनाला दिलं, आणि मी त्याला अर्धा तास बसवून मूठ कशी धरायची ते शिकवलं. तो मानेने हो हो म्हणत होता. त्याला किती कळलं कोण जाणे.

भंडारदऱ्याला एकदा जाऊन यायचं असं आम्ही दर दिवाळीला ठरवायचो. हे निवृत्त झाल्यावर अकोल्याला एका लग्नाला गेलो होतो. स्टँडवर उतरलो, तर समोर भंडारदऱ्याची गाडी उभी होती. निम्मी रिकामी. हे तिच्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "जायचं का? लग्न काय, होईल आपल्यावाचून."

माझ्या हातात नवरीच्या साडीची पिशवी होती, बरोबर धाकट्या जावेची माणसं होती. मी म्हटलं, "पुढच्या खेपेला जाऊ."

कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी गेली. त्या पावसाळ्यात हे वारले. मी आता या वयात कोणाला सांगून तिकडे जाईन असं वाटत नाही, आणि एकटीने जाऊन तिथे काय करू, तेही कळत नाही.