बाहेरचा पैलवान

कॉलेजात असताना मी हिंगोलीच्या एसटी स्टँडसमोरच्या दुकानात व्हिडिओ गेम खेळायचो. आपल्या गावच्या, साखऱ्याच्या गाडीला वेळ असला की एक धोतर नेसलेले गृहस्थ माझ्यामागे येऊन उभे राहत. पडद्यावर ठोसा बसला की त्यांचाच खांदा हलायचा.

एकदा मारामारीचा नवा गेम आला. त्यात दुसऱ्या गेममधलेही लढवय्ये घेतले होते.

"हे बाहेरचे काहून आणले?" त्यांनी विचारलं.

"नावाजलेले आहेत. त्यांच्यामुळं गर्दी होते."

पडद्याकडे बघतच ते म्हणाले, "आमच्या जत्रंत कुस्तीच्या जोड्या मी लावायचो. एकदा नाव ऐकून लांबचा पैलवान आणला. गर्दी लई झाली, पण गावच्या पोराचा खांदा निखळला. त्याची कुस्ती कायमची सुटली. बाहेरचा जरूर आणावा, पण इथल्याला त्याच्याशी लढता आलं पाहिजे."

गेम बनवणाऱ्यांनाही हाच विचार करावा लागत असेल, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

"त्या पोराचं पुढं काय झालं?" मी विचारलं.

"आता जोड्या तोच लावतो," ते म्हणाले. "त्याला इचारल्याबिगर आमी कुणालाच बोलवत न्हाई."